बाप्तिस्म्याच्या चार नोंदी आणि मुंबईचे बिशप

बावखल

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात सातबाऱ्यावर वारसनोंद करायची म्हणून घरातल्या जुन्या माणसांचे कागद गोळा करत होतो. आम्ही वसईचे सामवेदी ख्रिस्ती. आमच्याकडे पणजोबा-आजोबांचा जन्मदाखला म्हणजे देवळातली बाप्तिस्म्याची नोंद. फादरांनी कपाट उघडून दिलं आणि माझी अख्खी दुपार त्या वह्यांत गेली.

पणजोबांची नोंद १८८० ची, पोर्तुगीजमध्ये. तेव्हा आमचं गाव गोव्याच्या आर्चबिशपांच्या अखत्यारीत होतं. आजोबांची नोंद १९११ ची. तीही पोर्तुगीजमध्येच, पण तोवर आम्ही दमणच्या बिशपांकडे गेलो होतो. बाबांच्या १९४३ च्या नोंदीत मुंबईचा महाधर्मप्रांत आहे. आणि माझ्या मुलीची २००१ ची नोंद मराठीत, वसई धर्मप्रांताची. गाव तेच, देऊळ तेच, बाप्तिस्म्याचं दगडी भांडंही तेच. बिशप मात्र गोवा, दमण, मुंबई, वसई असे बदलत गेले.

म्हणून मुंबई धर्मप्रांताचा इतिहास पुन्हा वाचायला घेतला. एक गोष्ट मनात पक्की झाली आहे, ती इथे मांडतो. या धर्मप्रांतात विद्वान, बांधकामं करणारे, शाळा-कॉलेजं काढणारे बिशप पुष्कळ झाले. पण तीनशे वर्षं खरा प्रश्न एकच होता : इथल्या लोकांचा महागुरू, म्हणजे बिशप, कोणी नेमायचा, आणि तो इथला असू शकतो का? माझ्या लेखी या प्रश्नाशी भिडलेले बिशप मोठे.

सुरुवात मातेउश द कास्त्रु यांच्यापासून. जन्म १५९४ च्या सुमारास, गोव्यातल्या दिवाडी बेटावर. घराणं धर्मांतरित ब्राह्मणांचं, मूळ आडनाव महाले. त्यांना धर्मगुरू व्हायचं होतं, पण गोव्याच्या आर्चबिशपांनी दीक्षा द्यायला नकार दिला. हा गडी स्वस्थ बसला नाही. खुश्कीच्या मार्गाने रोमला गेला, तिथे शिकला आणि तिथेच दीक्षा घेतली. रोममध्ये १६२२ साली 'प्रोपगंडा फिदे' नावाचं खातं निघालं होतं. मिशनचं काम युरोपी राजांच्या हातून काढून पोपच्या हाताखाली आणायचं, हा त्याचा उद्देश. त्या खात्याला कास्त्रुंसारखा माणूस हवाच होता. १६३७ साली त्यांना बिशप करून आदिलशाही मुलखाचे व्हिकार अपोस्तोलिक नेमलं. मुंबईचा धर्मप्रांत आपली वंशावळ याच नेमणुकीपासून मोजतो. म्हणजे आमच्या परंपरेतला पहिला बिशप आपल्याच मातीतला होता!

पण गोव्याच्या पोर्तुगीजांनी त्यांना मानलं नाही. त्यांचे अधिकारपत्र नाकारले, रंगावरून हिणवलं, त्यांनी दीक्षा दिलेल्या धर्मगुरूंना काम करू दिलं नाही. शेवटी कास्त्रु हद्दीपलीकडे, आदिलशाहीतल्या डिचोलीला जाऊन राहिले. गोवा नदीपल्याड दिसत असणार, आणि तिथे पाऊल टाकायची चोरी. १६७७ साली ते रोममध्ये वारले.

त्यांच्यामागून कुस्तोदियु द पिन्यु आले, तेही गोमंतकीय. त्यानंतर मात्र ही वाट बुजली. इटालियन कार्मेलाईट (धर्मगुरूंचा एक संघ), स्विस, जर्मन, इंग्रज, पोर्तुगीज असे सगळे येऊन गेले. लॅटिन रीतीत पुढचा भारतीय बिशप व्हायला १९२३ साल उजाडलं, तेही तिकडे तुतीकोरिनला, तिबुर्तियुस रोश यांच्या रूपाने.

मधल्या काळातलं भांडण म्हणजे पाद्रोआदो विरुद्ध प्रोपगंडा. पोर्तुगालच्या राजाला पोपनी पूर्वी हक्क दिला होता : आशियात चर्च बांधा, धर्मगुरूंचा खर्च करा आणि बिशपही तुम्हीच सुचवा. हा पाद्रोआदो. पुढे पोर्तुगालची ताकद गेली, पैसा गेला, पण हक्क काही सुटेना. मुंबईत तर १७९४ साली इंग्रजांनी चर्चची वाटणीच करून टाकली. माझगावचं ग्लोरिया आणि दादरचं साल्वासांव पाद्रोआदोला, भुलेश्वरचं एस्पेरांसा आणि माहीमचं सेंट मायकेल प्रोपगंडाला. एका शहरात एका धर्माच्या लोकांचे दोन धनी. नात्यागोत्यातली माणसं एकमेकांच्या देवळात जाईनात.

पोप आणि पोर्तुगाल यांच्यातल्या १८८६ च्या करारात मुंबई महाधर्मप्रांत झाला आणि साष्टी-वसईसाठी दमणचा वेगळा धर्मप्रांत निघाला. दमणच्या बिशपांना 'क्रांगनोरचे आर्चबिशप' अशीही पदवी होती. क्रांगनोर कुठे, केरळात! तिथली जुनी गादी गेली म्हणून तिचं नुसतं नाव दमणला आणून चिकटवलं. १९२८ साली दमणचा धर्मप्रांत मोडून मुंबईत मिळवला आणि तोड काढली ती अशी : मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश. लाखभर माणसं मराठी, कोकणी बोलणारी, आणि पाळी लागली ती लिस्बन-लंडनची. हे वाचताना मला अजूनही त्रास होतो.

या तोडग्याप्रमाणे आधी पोर्तुगीज जेझुइट (येशूसंघाचे धर्मगुरू) ज्वाकिम लिमा आले, आणि १९३७ साली इंग्रज जेझुइट थॉमस रॉबर्ट्स. ते लिव्हरपूलला साधे पॅरिश प्रीस्ट होते. आपण मुंबईचे आर्चबिशप झालो, ही बातमी त्यांना वर्तमानपत्रवाल्याकडून समजली. त्यांच्यानंतर पाळी पोर्तुगीजांची होती. रॉबर्ट्सनी ती पाळी येऊच दिली नाही. १९४६ साली वालेरियन ग्रेशस यांना साहाय्यक बिशप करवून घेतलं, कारभार त्यांच्या हाती दिला आणि स्वतः मुंबईबाहेर राहिले. महिना-दोन महिने नव्हे, जवळजवळ चार वर्षं. आर्चबिशप गैरहजर, आणि काम भारतीय बिशप व्यवस्थित चालवतो आहे, हे रोमला आणि लिस्बनला रोज दिसत राहिलं. जुलै १९५० मध्ये पोर्तुगालने मुंबईवरचा हक्क सोडला. त्याच वर्षअखेरीस रॉबर्ट्सनी राजीनामा दिला आणि ग्रेशस आर्चबिशप झाले. १९५३ च्या जानेवारीत ते भारताचे पहिले कार्डिनल झाले.

माझ्या मते मुंबईच्या बिशपांत सगळ्यात मोठं काम रॉबर्ट्सनी केलं, आणि ते गादी मोकळी करून केलं. तुमचं काय मत?

मृण्मयी

अप्रतिम धागा. यातलं काहीच माहीत नव्हतं. दादरला पोर्तुगीज चर्चच्या स्टॉपवर आयुष्य गेलं, पण ते नाव असं का आणि त्यामागे एवढं महाभारत, याची कल्पनाच नव्हती. एक शंका : व्हिकार अपोस्तोलिक म्हणजे बिशपच ना? मग वेगळा शब्द का?

बावखल

मृण्मयी, धन्यवाद. दीक्षेने तो बिशपच असतो, फरक अधिकाराच्या मुळाशी आहे. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर एक वतनदार आणि दुसरा दरबाराने थेट पाठवलेला कारभारी. गोव्याच्या आर्चबिशपांचा धर्मप्रांत हे पोर्तुगालच्या छत्राखालचं वतन. तिथे पोपला दुसरा बिशप बसवता येईना. म्हणून रोमने युक्ती केली. कधीकाळी नामशेष झालेल्या एखाद्या शहराचं बिशपपद नावापुरतं द्यायचं आणि 'पोपचा प्रतिनिधी' म्हणून मुलखात पाठवायचं. कास्त्रुंना असं क्रिसोपोलिसचं बिशपपद होतं. शहर कागदावरचं, काम आदिलशाहीतलं.

दादरचं साल्वासांव म्हणजेच तुमचं पोर्तुगीज चर्च. वाटणीत पाद्रोआदोकडे गेलं.

डिचोलीकर

आमच्या गावाचं नाव दिसलं म्हणून लॉगिन केलं. कास्त्रुंविषयी इतक्या आपुलकीने मराठीत लिहिलेलं फारसं वाचलं नव्हतं, त्याबद्दल देव बरें करूं.

थोडी भर घालतो. कास्त्रु डिचोलीला नुसते जाऊन बसले नाहीत. तिथे त्यांनी चर्च उभारलं, स्थानिक मुलांना धर्मगुरू होण्यासाठी तयार केलं. १६५३ साली तिथूनच गोव्यातल्या ब्राह्मण ख्रिस्त्यांना उद्देशून एक जळजळीत पत्रक लिहिलं, 'ब्राह्मणांचा आरसा' अशा अर्थाच्या नावाचं. पोर्तुगीज तुम्हाला कसे वागवतात ते या आरशात बघा आणि उठा, असा त्याचा सूर. पुढच्याच वर्षी आदिलशाही फौजा गोव्याच्या हद्दीत शिरल्या आणि त्यामागे कास्त्रुंची चिथावणी होती, असा आरोप पोर्तुगीजांनी केला. आरोप सोडला तरी आदिलशाही दरबाराशी त्यांचं सूत होतं, हे खरंच.

गोव्यात आजही या माणसाबद्दल दोन मतं ऐकू येतात. कुणी त्यांना पहिला बंडखोर म्हणतं, कुणी घरभेदी. मी पहिल्या गटातला. ज्याला स्वतःच्या जन्मभूमीत वेदीवर उभं राहू देत नाहीत, त्याने कोणाशी इमान राखायचं?

रानजाई

लेख उत्तम आहे, पण एका ठिकाणी अडले.

कास्त्रुंनी वर्णभेदाशी झुंज दिली, मान्य. पण डिचोलीकरांनी सांगितलेल्या पत्रकाचं नावच बघा. आरसा कोणासाठी? ब्राह्मण ख्रिस्त्यांसाठी. गोव्यात तेव्हा चारडो (क्षत्रिय म्हणवणारे ख्रिस्ती) होते, शूद्र म्हणवले गेलेले होते, गावड्यांतून ख्रिस्ती झालेले होते. त्यांच्यातला मुलगा धर्मगुरू व्हावा, यासाठी कोणी रोमला चालत गेलं नाही. धर्मगुरूपदाची दारं गोव्यात जातीच्या उतरंडीप्रमाणे उघडली, आधी ब्राह्मणांना, मग चारडोंना, बाकीच्यांना फार उशिरा. 'आपल्या मातीतला पहिला बिशप' हे वाक्य मलाही आवडलं असतं, पण ती माती सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नव्हती.

हे कास्त्रुंना कमी लेखायला लिहिलेलं नाही. माझ्या आजीच्या माहेरी चर्चमध्ये मिरवणुकीत पुढे कोण चालणार यावरून भांडणं व्हायची, ती तिने डोळ्यांनी पाहिली होती. म्हणून राहवलं नाही.

बावखल

रानजाई, तुमचं म्हणणं पूर्ण पटलं. लेख लिहिताना 'परका विरुद्ध आपला' एवढंच डोळ्यांसमोर होतं, 'आपल्यातला कोण' हा प्रश्न मी टाळला. आमच्या वसईत सामवेदी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन हे भेद बाप्तिस्म्यानंतरही टिकले. लग्नं ठरवताना ते आजही डोकं वर काढतात. तेव्हा वरचं वाक्य तुमच्या दुरुस्तीसकट वाचावं, ही सगळ्यांना विनंती.

शेषराव_लातूर

माझं या विषयात शून्य ज्ञान. इंग्रज तर प्रोटेस्टंट. मग त्यांनी कॅथलिकांच्या भांडणात का पडावं? आणि चर्चची वाटणी करायचा अधिकार त्यांना कोणी दिला?

जुना_वाचक

शेषराव, भक्तीपोटी नव्हे, राज्य सांभाळायचं म्हणून. मुंबई १६६५ साली इंग्रजांकडे आली, पण चर्चमधले पाद्री पोर्तुगीज फ्रान्सिस्कन होते आणि ते गोव्याच्या आर्चबिशपांचं ऐकत. शेजारी साष्टी, वसई पोर्तुगीजांची. आपल्या रयतेच्या कानाशी शत्रूची माणसं, ही कंपनीला धास्ती. म्हणून १७२० साली गव्हर्नर बून यांनी फ्रान्सिस्कनांना बेटाबाहेर काढलं आणि कार्मेलाईट व्हिकार अपोस्तोलिक मॉरिस यांना बोलावून घेतलं. 'मोगलाईचे व्हिकार' तेव्हापासून मुंबईचे झाले. पुढे कंपनीचं धोरण दोन-तीनदा फिरलं, लोकांत दोन तट पडले, आणि कटकट नको म्हणून १७९४ ची निम्मी-निम्मी वाटणी.

दरम्यान १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज सत्ता गेली तरी तिथले ख्रिस्ती गोव्याशीच बांधलेले राहिले, आणि गोव्याहून आलेले देशी धर्मगुरू त्यांची सेवा करत राहिले. बावखल यांच्या पणजोबांच्या नोंदीत गोवा का, त्याचं उत्तर इथे आहे.

माहीमची_पोर

सेंट मायकेलच्या सावलीत वाढले, त्यामुळे हार्टमन यांच्यावर लिहिणं भागच आहे. बावखल, तुम्ही त्यांना 'स्विस' या एका शब्दात उरकलंत!

अनास्तासियुस हार्टमन, कापुचिन संघाचे. आधी पाटण्याला व्हिकार अपोस्तोलिक होते, १८५० च्या सुमारास मुंबईचा भार त्यांच्यावर आला. शहर तेव्हा पेटलेलं होतं. १८५३ साली मकाव या पोर्तुगीज वसाहतीचे बिशप मुंबईत आले आणि पाद्रोआदोच्या बाजूने दीक्षा वगैरे विधी करू लागले, तेव्हा भडका उडाला. माहीमच्या लोकांनी आमचं चर्च पाद्रोआदोकडे न्यायचं ठरवलं. हार्टमन येऊन चर्चमध्ये बसले, बाहेर लोकांनी वेढा घातला. अन्नपाणी तोडलं. मेलो तरी बेहत्तर, चर्च सोडणार नाही, या निश्चयाने ते कित्येक दिवस आत राहिले. अखेर सरकारला मध्ये पडावं लागलं. चर्च पाद्रोआदोकडे गेलं ते गेलंच.

लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला कळायचं नाही की आपण कोणाच्या बाजूचे. वेढा घालणारे आमचेच पूर्वज, आणि आत उपाशी बसलेला म्हातारा सज्जन माणूस. आता वाटतं, बाहेरच्यांनाही गोव्याचे धर्मगुरू आपले वाटत होते, ते त्यांच्या बोलीत बोलत होते. हार्टमन कितीही सज्जन असले तरी दुरून आलेले होते. माझी आजी नव्वदीत गेली. एका शेजारणीचा उल्लेख ती शेवटपर्यंत 'ती प्रोपगंडावाल्यांची' असा करायची. भांडण मिटून तेव्हा साठ वर्षं झाली होती!

पण हार्टमन यांचं काम मोठं आहे. १८५० साली त्यांनी सुरू केलेलं 'एक्झामिनर' हे साप्ताहिक आजही निघतं. नव्या कराराचा हिंदुस्तानीत अनुवाद केला. मुंबईचं मिशन जेझुइटांच्या हाती सोपवण्यात त्यांचा पुढाकार होता. त्यातूनच पुढे बिशप म्यूरिन यांच्या काळात, १८६९ साली, सेंट झेवियर्स कॉलेज उभं राहिलं. १८६६ मध्ये पाटण्याजवळ कुर्जीला ते वारले. १९९८ साली चर्चने त्यांना 'वंदनीय' घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या वाटेवरची एक पायरी.

जाता जाता, कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांचा जन्मही माहीमचाच.

बावखल

माहीमची_पोर, चूक कबूल. वेढ्याच्या दोन्ही बाजूंनी विचार करायला लावलात, हे मूळ लेखात हवं होतं.

पुणेकर_शनिवार

पुण्याची बाजूही मांडतो, कारण पुणे धर्मप्रांत मुंबईच्याच पोटातून १८५४ साली वेगळा झाला. दोन्हीकडे जर्मन जेझुइट होते. १९१४ ला महायुद्ध सुरू झालं आणि इंग्रज सरकारच्या दृष्टीने हे सगळे शत्रूचे नागरिक ठरले. धर्मगुरू नजरकैदेत गेले, मग परत पाठवले गेले. मुंबईचे आर्चबिशप युर्गेन्स १९१६ ला वारले, आणि पुढचे आर्चबिशप गुडियर नेमले गेले १९१९ च्या अखेरीस. तीन वर्षं गादी रिकामी! पुण्याचे बिशप डोरिंग यांची कथा तर कादंबरीसारखी आहे. त्यांना परत येता येईना, तेव्हा १९२१ साली रोमने त्यांना हिरोशिमाला व्हिकार अपोस्तोलिक म्हणून धाडलं. १९२७ मध्ये ते पुन्हा पुण्याचे बिशप झाले आणि १९४८ पर्यंत राहिले. पुण्याहून हिरोशिमा, हिरोशिमाहून पुणे.

दुसरं, बिशप थॉमस डाबरे यांचं नाव धाग्यात अजून कसं आलं नाही? वसई धर्मप्रांत १९९८ च्या मे महिन्यात झाला त्याचे ते पहिले बिशप, २००९ ते २०२३ आमच्या पुण्याचे. मूळचे भुईगावचे. मुंबई विद्यापीठाची पीएचडी त्यांनी तुकोबांच्या ईश्वरानुभवावर केली. मी वारकरी घरातला. आमच्याकडे एका कार्यक्रमात ते अभंगांवर बोलले तेव्हा मी शेवटच्या रांगेत उभा होतो. पांढरा झगा, गळ्यात क्रूस, आणि तोंडी अभंग, तेही अडखळता नव्हे, गाथा पाठ असलेल्या माणसासारखे. माझे वडील शेजारी होते. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी जाऊन बिशपांना वाकून नमस्कार केला. वडील सहसा कोणापुढे वाकत नसत.

बावखल

पुणेकर, डाबरे महागुरूंवर वेगळा धागा काढायचा विचार होता म्हणून राखून ठेवलं होतं, पण तुमचा प्रसंग वाचून बरं वाटलं. वसईला बिशप मिळाला, एवढ्याने आमचं भागलं नसतं. मिळाला तो वसईच्या बोलीत वाढलेला आणि तुकोबांवर अभ्यास केलेला, याचं अप्रूप होतं. त्यांच्यामागून आलेले आर्चबिशप फेलिक्स मच्याडो हेही वसईचेच. ते आधी रोममध्ये आंतरधर्मीय संवादाच्या खात्यात होते.

मिस्सा (देवळातली मुख्य उपासना) मराठीत होऊ लागली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. बाबांना लॅटिनची आठवण होती. ते म्हणायचे, आधी आम्ही देवाला ऐकत होतो, मराठी आल्यावर समजायला लागलं.

मरोळचा

ईस्ट इंडियन माणसाची हजेरी लावतो. सगळे ग्रेशस-ग्रेशस करताहेत. वालेरियन ग्रेशस मोठेच, पण ते कराचीला जन्मलेले गोवेकर. मुंबईच्या मूळच्या ख्रिस्त्यांना आपला आर्चबिशप मिळाला तो १९७८ साली, सायमन पिमेंटा. आमच्या मरोळचे. १९८८ साली कार्डिनल.

बाहेरच्यांसाठी सांगतो, ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई-साष्टीचे मूळ रहिवासी. कोळी, आगरी, भंडारी, कुणबी अशा घरांतून ख्रिस्ती झालेले, घरात मराठीच्या बोली बोलणारे. 'ईस्ट इंडियन' हे नाव १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वेळी घेतलं. नोकरीसाठी मुंबईत येणाऱ्या गोवेकरांहून आपण निराळे, इथले, कंपनीच्या काळापासूनचे, हे सरकारला दाखवायचं होतं. म्हणजे बावखल, तुमचा 'इथला कोण' हा प्रश्न गोऱ्यांशी संपत नाही. आमच्या गावठाणांत तो गोवेकर आणि मंगळूरकरांशीही होता. पिमेंटा आर्चबिशप झाले तेव्हा आमच्या वाडीत बँड लावला होता. मी सात वर्षांचा होतो, वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलं.

जुना_वाचक

रॉबर्ट्स यांच्याबद्दल मतभेद नोंदवतो. बावखल यांनी त्यांना फार श्रेय दिलं आहे.

एक, गादी सोडणारे ते पहिले नव्हेत. गुडियर यांनी १९२६ मध्ये राजीनामा दिला तो याच पाद्रोआदोच्या गुंत्यातून वाट निघावी म्हणून. दोन, १९४७ नंतर मुंबईत पोर्तुगीज आर्चबिशप येणं शक्यच नव्हतं. स्वतंत्र भारताने ते चालू दिलं नसतं. तीन, आणि महत्त्वाचं : चार वर्षं धर्मप्रांत चालवून दाखवला तो ग्रेशस यांनी. ते १९४१ मध्येच होली नेम कॅथीड्रलचे पहिले भारतीय रेक्टर झाले होते, त्याआधी आर्चबिशपांचे सचिव होते. फाळणी, निर्वासित, नवं सरकार, गोव्याचा प्रश्न, सगळं त्यांनी निभावलं. १९६४ च्या डिसेंबरात युखरिस्त परिषदेसाठी सहावे पोप पॉल मुंबईला आले. पोपने भारतात पाऊल ठेवण्याची ती पहिली वेळ, आणि यजमान ग्रेशस. १९६६ ला पद्मविभूषण. आपण मात्र जागा देणाऱ्याचं कौतुक करतो आणि जागा पेलणाऱ्याचं राहून जातं.

आणखी एक जोड : मुंबईचे आर्चबिशप आयव्हन डायस २००६ साली रोमला गेले ते प्रोपगंडा फिदेचे प्रमुख म्हणून. ज्या खात्याने १६३७ साली कास्त्रुंना डिचोलीकडे पाठवलं, त्याच खात्याच्या प्रमुखपदी वांद्र्याचा माणूस बसला.

डिचोलीकर

डायस यांची जोड वाचून अंगावर काटा आला. मूळचे गोंयकारच ते.

बावखल

जुना_वाचक, तिसरा मुद्दा मान्य. ग्रेशस यांच्यावर मी चारच ओळी लिहिल्या, हे खटकण्यासारखंच आहे. त्यांची कार्डिनलची लाल टोपी होली नेममध्ये जपून ठेवली आहे, पुढच्या खेपेला मुलीला घेऊन जाणार आहे.

पण रॉबर्ट्सबद्दल माझं मत कायम. ग्रेशस बिशप झाले ते जून १९४६ मध्ये. तेव्हा स्वातंत्र्याची तारीखही ठरलेली नव्हती. शिवाय गुडियर बाजूला झाले त्यातून निघालं काय, तर आळीपाळीचा करार, म्हणजे पुन्हा परकाच. रॉबर्ट्स बाजूला झाले ते कोणासाठी, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. आणि पद असताना, वय त्रेपन्न असताना, अधिकार दुसऱ्याच्या हाती देऊन दूर जाऊन राहणं सोपं नसतं. पुढेही त्यांनी मोठी गादी मागितली नाही. अण्वस्त्रांविरुद्ध बोलत राहिले, स्वतःच्याच चर्चमधल्या लोकांचा रोष ओढवून घेतला, १९७६ ला वारले. बाबांच्या बाप्तिस्म्याच्या वेळी मुंबईचे आर्चबिशप तेच होते, याचा मला आनंद आहे.

आता एक मदत हवी आहे. पणजोबांच्या नोंदीतलं पोर्तुगीज मला लागत नाही. देवपित्याच्या (गॉडफादरच्या) नावापुढे एक शब्द आहे, आणि तोच पणजोबांच्या वडिलांच्या नावापुढेही. फादरांनी वाचला तो 'लाव्रादोर' असा. आडनाव आहे की पदवी? कोणाला पोर्तुगीज येतं का?

डिचोलीकर

आडनाव नव्हे, व्यवसाय. लाव्रादोर म्हणजे शेतकरी, जमीन कसणारा. पूर्ण पानाचा फोटो व्यक्तिगत निरोपातून पाठवा, सगळं वाचून देतो. अशा नोंदींत गावाबरोबर वाडीचं नावही लिहिलेलं असतं, नीट बघा.

बावखल

वाडीचं नाव आहे! आमचीच वाडी, स्पेलिंग पोर्तुगीज पद्धतीचं म्हणून ओळखू आली नव्हती. सोमवारी तलाठ्याकडे बाकीच्या कागदांबरोबर हाही नेतो. फोटो पाठवला आहे.